भैरवीनंतर

बाबा मला ‘बाई’ म्हणायला लागले तेव्हा मी चिडले. पोटच्या पोरीला बाई काय म्हणता, असं ओरडले. ते घाबरून भिंतीकडे सरकले. चिडून स्मृतिभ्रंश बरा होत नाही, एवढं कळायला मला वर्ष लागलं.

अंबरनाथला कारखान्यात होते तोवर दर गुरुवारी क्वार्टर्समधल्या भजनात बाबा पखवाज वाजवायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओळखीचं संगीत ऐकवून बघा. मी तिथल्या भजनी मंडळाचं जुनं रेकॉर्डिंग मिळवलं आणि बदलापूरच्या फ्लॅटात मोबाइलवर लावलं. ज्यांना घास गिळायची आठवण करून द्यावी लागते, त्या बाबांनी मांडीवर ठेका धरला. एक मात्रा चुकली नाही. मग रोज संध्याकाळी मीही टाळ घेऊन बसू लागले. त्यानंतर ते निमूट जेवत, आंघोळीला भांडत नसत. तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे बघून म्हणाले, “पोरी, लय घाई करतीस. जरा दमानं.”

पोरी! मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

मग माझा हावरटपणा नडला. मला तो शब्द पुन्हा ऐकायचा होता. एका संध्याकाळी ते गप्प गप्प होते, म्हणून त्यांची सगळ्यात लाडकी भैरवी सुरुवातीलाच लावली. भैरवी शेवटी म्हणतात, तिच्यानंतर भजन होत नाही, हे भजनाच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण मी म्हटलं, यांना आज वार कुठला ते कळत नाही, हे काय कळणार!

भैरवी संपली. बाबांनी जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि उठले. मी घाईघाईने दुसरा अभंग लावला.

“भैरवी झाली ना? आता गायचं नसतं,” ते म्हणाले. “माझ्या चपला कुठायत? घरी पोरगी एकटीय. लहान आहे हो ती.”

“बाबा, मीच ती.”

त्यांनी सभ्यपणे हात जोडले. “बरं, येतो.”

तेव्हापासून काहीही लावलं तरी त्यांचा हात मांडीवर पडत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, तुमचा दोष नाही, आजारच वाढलाय. असेल. मी दाराला आतून कुलूप लावते. बाबा रोज ते दार ठोकतात, मला सोडा म्हणून विनवतात, पोरगी रडत असेल म्हणतात. आणि मी त्यांच्या मागे उभी राहून खरंच रडत असते.