पिल्लावरची मरळ

मासा उचलून अंगठ्याने कल्ला वर करायचा, आधी स्वतः बघायचं, मग गिऱ्हाइकाला दाखवायचं, ही मासळीवाल्या मावशींची रीत. "बघा, लाल हाय का न्हाई?" बर्फातला मासा असला तर विचारायच्या आत सांगायच्या, "ही नदीची न्हाई. ट्रकनं आली. पटलं तर घ्या."

असा धंदा करणारं माणूस तुम्ही तरी पाहिलंय का?

मी तेव्हा मुखेडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. आठवडी बाजाराच्या दिवशी मावशी स्टँडच्या भिंतीला टेकून बसायच्या. नवरा गेल्यापासून नदीत जाळंही त्याच टाकायच्या. मी दिवसभर माइकवर "गाडी येतच आहे" असं सांगणारा माणूस. त्या हसायच्या. "कंट्रोलर, तुमची गाडी अन् आमची नदी, दोन्ही येऊनच राहिल्यात. बसा वाट बघत."

नदी खरंच येत नव्हती. वरच्या अंगाला पाणी अडलेलं, दोन्ही काठांवर पाणी उपसणाऱ्या मोटारी. ही मन्याड नदी दिवाळीनंतरही वाहायची तेव्हा मावशींच्या पाटीत झिंगे, वांब, मरळ, सगळं असायचं. मग वाहणं थांबलं, नुसते डोह उरले. पुढे डोहही एकच उरला. पाटीत ट्रकचा मासा वाढला आणि गिऱ्हाईक शेजारच्याकडे गेलं. तो त्याच माशाला 'नदीचा' म्हणायचा.

त्या पावसाळ्यात माझ्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं. जखम भरायला मरळ चांगली, असं आमच्याकडे मानतात. मावशींना विचारलं.

"एक हाय डोहात. पण पिल्लावर हाय. पिल्लावरची मरळ धरायची न्हाई."

"का?"

"पिल्लं सोडून ती पळत न्हाई. कुणी बी हातानं धरंल. म्हणूनच धरायची न्हाई. नदी वाहती असती तर खालनं दुसरी आली असती. आता कुठनं येईल?"

मी तीन बाजार त्यांच्या मागे लागलो. शेवटी म्हटलं, "मावशी, माणूस मोठं का मासा?"

दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून मरळ घेऊन आल्या. "घ्या. वहिनीला बरं वाटू द्या."

बायकोची जखम भरली. ती तशीही भरलीच असती, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

पुढच्या बाजाराला मावशींची पाटी रिकामी होती. "पिल्लं दोन दिस वर येऊन राहिली, लाल लाल. काठाला बगळे बसून होते. आता डोहात कायच हालत न्हाई." आवाजात राग नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी "बरं" म्हणालो आणि देगलूर गाडी पुकारायला आत गेलो.

नंतर त्या बाजारात दिसल्या नाहीत. लेकीकडे गेल्या, असं कुणी म्हणालं. उन्हाळ्यात एकदा मी डोहावर गेलो. चिखल तडकलेला, त्यावर म्हशींचे खूर. वाईट वाटेल म्हणून थोडा वेळ थांबलो. काही वाटलं नाही. परत आलो.

परवा बायको म्हणाली, "तसली मरळ आणा की एकदा. ती चव पुन्हा लागली न्हाई."

"मिळत नाही आता."

"का?"

"नदीला पाणी नाही ना," मी म्हणालो. मावशींचा विषय काढला नाही.