चिरंजीव नावाचं फोल्डर

नानांच्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या भावाचं एक फोल्डर होतं आणि माझं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीवरून मी जे केलं ते सांगायला आज लाज वाटते. तेव्हा अजिबात वाटली नव्हती.

नाना म्हणजे माझे वडील. जन्मभर एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसले. आलेलं पत्र नोंदवायचं, त्यावर नंबर टाकायचा, ज्याच्या त्याच्या फायलीत लावायचं. रिटायर झाल्यावरही हात स्वस्थ बसेनात. आई गेल्यानंतर सिडकोतल्या घरात ते एकटेच राहायचे. माझा धाकटा भाऊ कॅनडात असतो. एका सुट्टीत आला तेव्हा त्यानं त्यांना कॉम्प्युटर आणून दिला, त्यात ईमेलचा प्रोग्रॅम टाकून दिला, आणि नानांना पुन्हा टेबल मिळालं. आठवडाभरात त्यांनी फोल्डरं पाडली. पेन्शन, लाईट, नळपट्टी, दवाखाना, कन्नडची जमीन, सोसायटी, किरकोळ. आणि सगळ्यांच्या वर, चिरंजीव.

"माझं कुठंय?" मी हसत हसत विचारलं होतं.

"तुझं कशाला? तू तर येतीसच की."

हो, येतेच. मी बजाजनगरला राहते, वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. दिवसाआड ड्युटी सुटली की रिक्षा बदलत सिडको गाठायचं, गोळ्यांची डबी भरायची, भाजी-पोळी झाकून ठेवायची, डोळ्यांत थेंब टाकायचे आणि पंधरा मिनिटांत चपला घालायच्या. हे सगळं कोणत्या फोल्डरमध्ये जातं? कुठल्याच नाही. आणि तो तिकडून चार ओळी खरडणार, काल बर्फ पडला म्हणून. त्या ओळी नाना चष्मा पुसून दोनदा वाचणार, वर शेजारच्या काकांना गाठून सांगणार की पोराचं पत्र आलंय. माझ्या अंगाची लाही व्हायची. मला भावाचा हेवा वाटायचा, आणि हेवा हा शब्दही कमी पडेल इतका वाटायचा.

नानांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. एका रविवारी दुपारी ते म्हणाले, "बाई, ही अक्षरं लई बारीक झालीत. जरा मोठी करून दे."

मी खुर्ची घेऊन बसले, ते शेजारच्या स्टुलावर. पेन्शनचं फोल्डर उघडून अक्षरं मोठी केली, ओळींत अंतर टाकलं, आणि तारखेचा रकाना सगळ्यात आधी आणला, कारण तारीख आधी दिसली नाही तर नानांना पत्र पत्रच वाटत नाही. ते खूश झाले. मग मी लाईटचं फोल्डर उघडलं, तर तिथं पुन्हा मुंग्याच मुंग्या.

"हे तर तसंच हाय की."

"प्रत्येक फोल्डरची मांडणी वेगळी असते, नाना. एकाला केलं म्हणून दुसऱ्याला लागत नाही."

"म्हंजी हरेक फायलीवर येगळा शेरा मारायचा?" त्यांना ते लगेच पटलं. बरोबरच आहे म्हणाले.

मला पटलं नाही. दोन फोल्डरं हातानं केल्यावर मी मेनू धुंडाळायला लागले आणि एक कमांड सापडली, हीच मांडणी बाकीच्या फोल्डरांना लावा. ती दाबल्यावर सगळ्या फोल्डरांची यादी उघडली, प्रत्येकापुढं एक छोटा चौकोन. वरच्या चौकोनावर टिचकी मारली तशा सगळ्यांपुढं खुणा उमटल्या. पेन्शन, लाईट, नळपट्टी. चिरंजीव.

चिरंजीवपुढची खूण मी काढली. फार विचार करून काढली असं नाही, पण चुकूनही काढली नाही. बाण तिथं नेला, टिचकी मारली आणि ओके केलं. वाच म्हटलं आता बर्फाच्या गोष्टी.

नानांनी एकेक फोल्डर उघडून पाहिलं. सोसायटीची नोटीससुद्धा ठळक दिसायला लागली होती. शेवटी ते चिरंजीववर आले.

"ह्याचीच बारीक का गं?"

"ती पत्रं परदेशातून येतात ना. तिकडची सेटिंग वेगळी असते." मी न अडखळता सांगितलं. स्वतःचंच कौतुक वाटलं मला.

"व्हय का," नाना म्हणाले. "मग तूच वाचून दाखव."

हे मी धरलंच नव्हतं. मला वाटलं होतं, दिसत नाही म्हटल्यावर वाचन थांबेल, कौतुक कमी होईल. झालं उलटं. दिवसाआड जायची, डबी भरायची, थेंब टाकायचे, आणि मग खुर्ची ओढून भावाची पत्रं माझ्याच तोंडानं वाचायची! त्यानं नवी गाडी घेतली. त्याच्या मुलीला शाळेत बक्षीस मिळालं. त्याच्या बायकोनं शेंगदाण्याची चटणी केली, पण इथल्यासारखी झाली नाही. मी एसटी स्टँडवरच्या अनाउन्समेंटसारखी सपाट वाचायची. नाना म्हणायचे, "फिरून वाच की, ते बक्षिसाचं." फिरून वाचायची. दात-ओठ खात वाचायची.

शेवटी तो लिहायचा, नाना, तुमची फार आठवण येते. तेवढी ओळ मी गाळायची. तुमचा, इतकं म्हणून त्याचं नाव घेऊन संपवायची. आठवण येते तर यावं माणसानं. मी येते ना, मला कुठं लिहावं लागतं?

वाचून झालं की नाना लगेच उठू द्यायचे नाहीत. चहा ठेव म्हणायचे. स्टोअरला नवा साहेब आलाय तो कसा आहे, विचारायचे. मी त्या साहेबाच्या नकला करून दाखवायची, ते पोट धरून हसायचे. बजाजनगरला पोचायला मला दर खेपेला उशीर व्हायला लागला, आणि त्याचा रागही मी भावावरच काढायची.

डिसेंबरात तो आला. विमानतळावरून घरी येऊन अंघोळ झाली नाही तोच कॉम्प्युटरपुढं बसला. मी स्वयंपाकघरात थालीपीठ थापत होते. मधलं दार उघडंच होतं.

"नाना, सगळी अक्षरं मोठी आणि माझीच बारीक?"

माझा हात तव्यावरच थांबला. तो कॉम्प्युटरच्या अशाच कामाचा पगार घेतो. त्यानं ती यादी उघडली असणार, कारण लगेच म्हणाला, "सगळ्यांपुढं खूण आहे, एवढी एकच नाही. हे आपोआप होत नसतं. कुणी केलं हे?"

आता माझं नाव येणार. मी पदराला हात पुसले, दाराशी येऊन उभी राहिले. काय सांगायचं ते जुळवत होते. भावानं माझ्याकडं पाहिलं.

"मीच सांगितलं होतं तिला," नाना म्हणाले. "ते एक तसंच ठेव म्हणून."

"का?"

"वाचून घेतो मी तिच्याकडून. दिवसाआड."

भाऊ ओशाळून लाल झाला. "म्हणजे माझी पत्रं ताई वाचते? मला वाटायचं, तुम्ही एकटेच वाचता."

त्याचा चेहरा पडलेला बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तो म्हणाला, "लावून टाकतो खूण." नाना म्हणाले, "राहू दे." त्यानं माउसवरचा हात काढला. दोन आठवडे राहिला, पण पुन्हा त्या खुर्चीवर बसला नाही.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी सिडकोला गेले. पत्र आलं होतं. मी खुर्चीत बसले, पण ते उघडवेना.

"नाना, तुम्हाला कधी कळलं?"

"काय?"

"ती खूण मी मुद्दाम काढली ते."

"तवाच. शेजारीच बसलो होतो की तुझ्या." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "मोतीबिंदू झालाय, आंधळा नाय झालो. आन शेवटची ओळ गिळतीस तेबी ऐकू येतं मला."

माझे कान तापले. "मग त्याच वेळी बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू खूण लावून टाकली असतीस," नाना म्हणाले, "आन थेंब टाकून पंधरा मिनटांत रिक्षा धरली असतीस."

खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. घरी पोळ्या व्हायच्या होत्या, आणि मी तशीच बसून राहिले.