मागच्या खोलीत गेलेली वायर

दिंद्रुडच्या एसटीडी बूथवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कुणी काचेच्या केबिनमध्ये शिरलं, की तो रेडिओ मोठा करायचा. बोलणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून. ऊसतोड कामगारांच्या संपामुळे पोलीस माझ्या भावाला शोधत होते. त्याच्याशी मी तिथूनच बोलायचे, हळू आवाजात, इंग्रजीत.

एका दुपारी बूथवाल्याने मला दारातच अडवलं.

"लाईन बंद हाय, ताई."

"आत्ताच तर फोन वाजला."

"बंद हाय म्हणलं न्हवं? आता लई दिवस बंदच ऱ्हाईल."

त्याने मागे पाहिलं. फोनची नवी वायर बूथमागच्या त्याच्या घरातल्या खोलीत गेली होती आणि उंबऱ्याबाहेर पोलिसाने काढून ठेवलेले बूट होते.

भाऊ सापडला नाही. मी कुणाशी बोलते, हे मात्र मी बूथवाल्याला कधीच सांगितलं नव्हतं.