मला पाच बदाम कळत होते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गावी आईला नाही, शेजारच्या इस्त्रीवाल्या अण्णांना तर नाहीच — त्यांना सांगितलं तर दुपारच्या चहाच्या आत सगळ्या चामराजपेटला कळेल. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हसू आलं तर खुशाल हसा. मलाही येतं — मधेच अडकतं, एवढंच.

मी शिंपी. निपाणीकडचा. आठवीत शाळा सुटली. गणिताच्या मास्तरांना मी एकदा ‘परत सांगा’ म्हणालो होतो. त्यांनी परत सांगितलं नाही, परत मारलं. तेव्हापासून कळो न कळो, मान हलवायची हे मी शिकलो. बेंगळुरात आलो तर इथलं कन्नड आमच्याकडच्यापेक्षा वेगळं — तिथंही मान हलवली, आणि एका गिऱ्हाइकाची फुल पँट हाफ झाली. बिचारा हसला म्हणून दुकान टिकलं.

काका भेटले तेही पँटीपायीच. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं नव्या पोरांना लेथ मशीन चालवायला शिकवलेलं. कंबर आत घ्यायला आले आणि मला पुटपुटताना ऐकलं — ‘साडेचौतीस’. “अरे, मराठी माणूस!” असे खूश झाले की त्याच रविवारी घरी चहाला बोलावलं. चहा झाल्यावर विचारलं, “मारुतराव, पत्ते येतात का?”

रमी येते, म्हणालो.

“रमी सगळ्यांनाच येते. मी तुला स्टड पोकर शिकवतो.”

“सापडलास बाबा तू आता,” काकू आतून म्हणाल्या.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला एक पान उपडं, ते फक्त आपण बघायचं. मग एकेक करत चार पानं उघडी, सगळ्यांना दिसतील अशी. दर पानाला बोली. बोलीला माझ्या दुकानातली शर्टाची बटणं. खेळायला आम्ही तिघं, काकूही बसायच्या. ज्याला झेपत नाही त्यानं पानं टाकायची. शेवटी उपडं पान उलटायचं — जोडीपेक्षा दोन जोड्या मोठ्या, त्यापेक्षा तीन सारखी, त्यापेक्षा ओळीनं पाच, आणि त्यापेक्षा एका रंगाची पाच.

पहिल्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, “परत सांगा.” आणि अंग चोरून बसलो. काकांचा चेहरा असा उजळला म्हणता! कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर चौकट, बदाम, किलवर, इस्पिक काढले आणि पहिल्यापासून सांगितलं. न रागावता. मला असं आयुष्यात कुणी सांगितलं होतं का?

आता ऐका. चौथ्या रविवारी मला सगळं येत होतं.

पण सगळं आलं, तर मग बोलावतील कशाला? शिकवणी संपली की विद्यार्थी घरी जातो — मला तरी तेवढंच माहीत. म्हणून मी विचारत राहिलो. ओळीनं पाच मोठी की एका रंगाची, काका? परत सांगा. दीड वर्ष! जिंकणारी पानं टाकून द्यायचो आणि काका ती उलटून कपाळावर हात मारायचे. काकू म्हणायच्या, “नुसतं बघून ब्लाउजचं माप सांगतोस, आणि पाच पानांचा एक रंग दिसत नाही तुला?” तिघंही पोट धरून हसायचो. खोटं सांगत नाही, फार मजेचे दिवस होते.

हा माझा गुन्हा वाटला ना तुम्हाला? हा नव्हे.

एका रविवारी गेलो तर काका नुसते पत्ते पिसत बसलेले. काकूंनी चहा देताना सांगितलं — एका ट्रेनिंग सेंटरनं बोलावलंय, आठवड्यातून दोन दिवस लेथ शिकवायला. चार वाजता फोन करून कळवायचंय. “आणि हे म्हणतात, मला आता शिकवता येत नाही. तुझ्यावरून म्हणतात रे.”

पानं वाटली. माझी चार उघडी पानं बदामाची. उपडं पान — तेही बदाम. काकांची पाच-सहा-सात-आठ, आणि उलटलं तर नऊ. माझंही पान त्यांनीच उलटलं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “स्वल्प विचार कर, मारुतराव. घाई नाही. कोण जिंकलं?”

मला माहीत होतं. ते का विचारतायत, तेही माहीत होतं. पण आता एकदम बरोबर सांगितलं तर दीड वर्षाचं नाटक उघडं पडेल — आणि काका तिकडे शिकवायला लागले, तर माझी काय गरज उरेल?

“तुम्ही,” मी म्हणालो. “ओळीनं पाच मोठी.”

“सरी,” म्हणाले — इथल्या कन्नडात ‘बरं’ — आणि पानं गोळा केली. चार वाजता माझ्यासमोर फोन केला. “एका हुशार माणसाला मला पाच पानं समजावता आली नाहीत,” म्हणाले. “तुमच्या मुलांचं नुकसान नको.” हुशार म्हणाले मला. मी बटणं डबीत भरत होतो.

दोन रविवार कसेबसे काढले. तिसऱ्या रविवारी मला ‘आलं’. जोडीपासून वरपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं, वर काकूंची वीस बटणं जिंकली. काका उठून उभे राहिले. लगेच सेंटरला फोन लावला. तिथं दुसरे कुणी लागले होते.

फोन ठेवून त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा त्यांचाच घसरला. आता बसस्टॉपवर, देवळात, भेटेल त्याला सांगतात — “वेळ लागला, पण मी सोडलं नाही याला!” मी शेजारी उभा असतो. मान हलवतो.

त्या दिवशी काकूंनी म्हैसूरपाक आणला. काकांनी स्वतःच्या हातानं भरवला. मी खाल्ला. आणि दुसरा तुकडा पुढे केला, तोही घेतला.