चाळीची परदेशी बॅग

आमच्या लालबागच्या चाळीत एक परदेशी बॅग आहे. मोठी, निळी, चार चाकांची. ती मुळात शेजारच्या काकूंची, पण चाळीतलं कुणीही विमानाने निघालं की ती पोटमाळ्यावरून खाली उतरते आणि त्या घरी जाते. अट एकच, तिच्या मुठीला चिकटलेल्या विमानतळावरच्या जुन्या पट्ट्या कुणी फाडायच्या नाहीत. कोण कुठे जाऊन आलं ते त्यावरून कळतं, आणि काकू आल्यागेल्याला कौतुकाने दाखवतात.

मला हा प्रकार कधीच पटला नाही. आई टोरांटोला निघाली तेव्हा तर मी हट्टालाच पेटले. धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण. आई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार, तीही एकटी, वाटेत फ्रँकफर्टला विमान बदलून. तिकीट कसं वाचायचं ते मी तिच्याकडून घोकून घेत होते. बीओएम म्हणजे आपली मुंबई, एफआरए म्हणजे मधला थांबा, वायवायझेड म्हणजे टोरांटो. विमानाच्या नंबरातली पहिली अक्षरं कंपनीची. टोरांटोत वाय कुठे आला, झेड कुठे आला, असं तिने विचारलं. मलाही ते माहीत नव्हतं, म्हणून मी चिडून म्हणाले, पाठ कर.

मग माझी नजर बॅगेच्या मुठीवर गेली. तिथे डीएक्सबी छापलेली पट्टी लोंबत होती. डीएक्सबी म्हणजे दुबई. काकूंचे जावई जाऊन आले होते. मी कात्री आणली. आईने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"दुसऱ्याची वस्तू आहे. न्यायची आणि होती तशी परत द्यायची."

दुबई आमच्या घरात तशी जुनीच. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी तिथल्या नोकरीसाठी खूप खटपट केली होती. नवा निळ्या चौकटीचा शर्ट घालून पासपोर्टचा फोटो काढला, एजंटकडे खेटे घातले. व्हिसा काही आला नाही. पासपोर्ट कोराच राहिला आणि बाबा गेले. त्यांचे शर्ट आईने जपून ठेवले होते. धाकटीला दिवस गेल्याचं कळल्यावर त्यातले मऊ झालेले निवडून तिने गोधडी शिवली. आमच्याकडे बाळाला आधी नव्यात गुंडाळत नाहीत, घरातलं जुनं कापड लागतं. ती गोधडी त्याच बॅगेत होती, डिंकाच्या लाडवांच्या डब्याखाली.

आईला विमानतळावर सोडून आले आणि घरात जीव लागेना. फोनवर विमानाचं चिन्ह सरकताना बघत बसले, त्या नादात दूध उतू गेलं. फ्रँकफर्टच्या पुढे तिच्या तिकिटावरचा नंबर फोनवर सापडेचना. बऱ्याच वेळाने उमगलं की तिकीट एका कंपनीचं आणि उडणारं विमान दुसरीचं असू शकतं, मग फोनवर दुसऱ्याच अक्षरांनी शोधावं लागतं. तोवर मी मनातल्या मनात आईला हरवून बसले होते.

आई सुखरूप पोचली. बॅग पोचली नाही. चौकशी केल्यावर कळलं की ती दुबईत आहे. सामान वेगळं करणाऱ्या यंत्राने नव्या पट्टीऐवजी जुनी वाचली असावी, असं फोनवरच्या माणसाने सांगितलं. माझं डोकंच फिरलं. ऑफिसातून फोन, घरून फोन, गॅलरीत येरझाऱ्या. काकू समोरून आल्या की मी दार लोटून घ्यायचे. बॅगेत काय आहे, असं तो माणूस दर वेळी विचारायचा आणि मी कपडे एवढंच सांगायचे.

बॅग तिकडेच असताना धाकटीला मुलगी झाली. आईने प्रवासातली आपली सुती साडी फाडून बाळाला गुंडाळलं. मला सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं. बाबांचं एवढंसं कापड नातीला मिळायचं होतं, तेही वेळेवर नाही.

बाळ घरी रुळल्यावर कधीतरी बॅग आली. आईने व्हिडिओ कॉल लावला. गोधडीवर बाळ पाय झाडत होतं, आणि त्याच्या गालाखाली तो निळ्या चौकटीचा तुकडा होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी सुटलेच. ती पट्टी तेव्हाच कापू दिली असतीस तर, काकूंना आता चांगलं सुनावते, गोधडी कुठल्या कुठे भटकून आली, असं बरंच काही. आईने सगळं ऐकून घेतलं आणि बाळाखालचा तो तुकडा हाताने सारखा केला.

"त्यांना काही बोलू नकोस," ती म्हणाली. "तुझे बाबा दुबईला जाऊन आले."