चुन्याच्या डबीतला लेझर

तळोद्याहून धडगावला जाणाऱ्या जीपमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने तंबाखूच्या दुतोंडी डबीत लेझरचं सर्किट बसवलं होतं. एका तोंडाला तंबाखू होती तशीच होती. चुन्याची जागा मात्र सर्किटने घेतलेली, म्हणून चुना तो अख्ख्या जीपकडे मागत होता.

डीजेवर लावायचे लेझर तो घरीच बनवायचा. हा आज संध्याकाळच्या लग्नासाठी होता.

"उजेड देस तो डायोड भलता नाजूक शे. करंट जरा वाढना का मरना," तो म्हणाला. "कितलाबी धक्का बसू दे, मन्हा सर्किटमा करंट हालस नही."

घाटात जीप आदळत होती. डबीच्या भोकातून छतावर पडलेला लेझरचा लाल ठिपका नाचत होता, पण त्याचा उजेड तेवढाच. आणि हा लेकाचा दर वळणाला माझ्याकडे असा बघायचा, जणू घाट त्यानेच बांधलाय.

तेवढ्यात समोरच्या म्हाताऱ्या बाबांनी डबी उचलली. तंबाखूला कोण कुणाला विचारतं? त्यांनी चुन्याचं तोंड उघडलं. आत सर्किट गार राहावं म्हणून पांढरी पेस्ट थापलेली होती. बाबांनी ती खालच्या तारेसकट नखाने खरवडली. ठिपका एकदम भडकला आणि विझला.

बाबांनी ती पेस्ट तळहातावर मळून पाहिली, नाक मुरडलं. "भाऊ, तुन्हा चुना खराब शे."

त्या माणसाने मेलेल्या डायोडकडे पाहिलं, बाबांचा तळहात स्वतःच्या रुमालाने पुसला आणि डबीचं दुसरं, तंबाखूचं तोंड उघडून पुढे केलं.

"हा, बाबा," आवाज जराही न वाढवता तो म्हणाला, "आते तुम्हना चुना काढा."