सूज

"तुमच्या जातीत भरलेलं पोर कधी पाहिलंयस का? म्हणून तुला सूज दिसते."

डॉक्टर हे मला सगळ्यांसमोर बोलले. कामणच्या दवाखान्यात, लसीकरणाच्या दिवशी. बाकावरच्या बायांत कुणीतरी हसलं. मी नर्स. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नोकरीला चार महिने झालेले, तीही कच्ची. कानशिलं तापली.

समोर वीटभट्टीवरची बाई होती. मांडीवर दीड वर्षाची मुलगी. गाल वर आलेले, पाय जाड. डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं होतं. "गुटगुटीत आहे. टोच आणि पाठव."

मी मात्र तिच्या पावलावर अंगठा दाबून धरला होता. उचलला, तर खड्डा तसाच. दुसऱ्या पायावरही. केस तांबूस, ओढले की हातात येणारे. पोर रडत नव्हतं. बिस्कीट दाखवलं तर तोंड फिरवलं.

हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. त्याआधी घरी पाहिलं होतं. माझा धाकटा भाऊ असाच फुगला. आई शेजारणीला कौतुकानं सांगायची, "पोर अंगानं भरलं." आठव्या दिवशी तो गेला.

रजिस्टरात मी लिहिलं होतं: दोन्ही पायांवर सूज, अतिकुपोषित. डॉक्टरांनी पेन पुढे केलं.

"खोड. उद्या तपासणीला साहेब येतायत. नाहीतर घरी बस."

घरात कमावणारी मी एकटी. मी रजिस्टर मिटलं.

"नाही खोडणार, सर."

आवाज माझा वाटलाच नाही.

मुलीच्या आईनं माझा पदर धरला. "बाय, मरंल का ती?"

तिला उत्तर द्यायची भीती डॉक्टरांपेक्षा मोठी होती. "मोठ्या दवाखान्यात चल. आत्ता. मी येते."

टेम्पोत पोर गार पडत चालली. मी तिला पदराखाली पोटाशी धरलं. सारखी तिच्या नाकापुढे बोट धरून बघत होते. श्वास आहे? आहे.

ती वाचली. काही दिवसांनी सूज उतरली आणि खाली नुसती हाडं निघाली. तिची आई बघतच राहिली. "एवढीशीच व्हती माझी पोर?"

मला मेमो आला. आज्ञाभंग. माफीनामा लिहून द्या.

कागद पुढे घेतला. लिहिलं: "जे दिसलं ते लिहिलं. पुन्हा दिसलं तर पुन्हा लिहीन. माफी मागणार नाही."

खाली पूर्ण नाव घातलं. आडनावासकट.